अवजार की हत्यार?

मराठी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी वर्षानुवर्षं जवळजवळ त्याच शब्दांत छापून येते. अमुक चौकात एक तरुण संशयास्पदरीत्या फिरताना दिसला, झडतीत त्याच्याकडे लोखंडी धारदार कोयता सापडला आणि त्याच्यावर 'भारतीय हत्यार कायदा कलम ४, २५ सह महाराष्ट्र पोलीस कायदा कलम ३७ (१)(३), १३५' प्रमाणे गुन्हा दाखल झाला. वाचणारा चौकाचं नाव बघतो, आपल्या भागातला नाही ना याची खात्री करतो आणि पुढे सरकतो. कलमांच्या आकड्यांवर नजर ठरत नाही. पण चाकू, सुरी, कोयता, तलवार कोणी बाळगावी, ती घेऊन रस्त्यावर कधी निघता येतं आणि कधी नाही, याचं बहुतेक सगळं उत्तर त्या एका ओळीत दडलेलं आहे.

त्या ओळीतला सर्वांत महत्त्वाचा शब्द 'सह' हा आहे. त्याच्या अलीकडे एक कायदा आहे आणि पलीकडे दुसराच. पहिला वस्तूकडे बघतो: हे जे सापडलं आहे ते मुळात हत्यार आहे का? दुसरा जागेकडे आणि दिवसाकडे बघतो: आज, इथे, असं काही जवळ बाळगायला मनाई होती का? या दोन प्रश्नांची गल्लत झाली की 'नऊ इंचांच्या आतला चाकू चालतो' यासारख्या समजुती पसरतात. ऐकणारा त्यावर विसंबतो आणि एखाद्या रात्री नाकाबंदीत अडकतो.

शब्दापासूनच सुरुवात करावी लागते, कारण मराठीत 'हत्यार' या शब्दाला दोन पदर आहेत. सुतार आपल्या पटाशी-करवतीला हत्यारंच म्हणतो. गवंडी थापी-ओळंब्याची पिशवी उचलताना 'हत्यारं घेतली का' असंच विचारतो. खंडेनवमीला तलवारीची पूजा होते तशीच रंध्याची, कातरीची आणि कारखान्यातल्या लेथचीही होते. भाषेने अवजार आणि हत्यार यांत भिंत घातलेली नाही. कायद्याला मात्र ती घालावीच लागते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या, म्हणजे बातमीतल्या 'हत्यार कायद्या'च्या, कलम २ मधल्या व्याख्येत ती घातलेली आहे. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी शस्त्र म्हणून बनवलेली किंवा तशी बदलून घेतलेली कोणतीही वस्तू म्हणजे शस्त्र. त्यात बंदुका आल्या, धारदार आणि इतर प्राणघातक हत्यारंही आली. त्यानंतर लगेच सूट येते: केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्र नाहीत. लाठी आणि साधी हातातली काठी ही उदाहरणं कायद्याने स्वतःच दिली आहेत.

म्हणजे स्वयंपाकघरातली विळी, मालवणातला आडाळो, पानाच्या तबकातला अडकित्ता, मासे कापायचा कोयता, भाजीची सुरी यांपैकी कशालाही परवाना लागत नाही. त्यांचं पातं किती लांब आहे याचा इथे प्रश्नच येत नाही. खाटकाचा सत्तूर चांगलाच रुंद असतो, तरी तो कामाचं साधन असल्याने या व्याख्येबाहेर राहतो.

या सुटीतला 'केवळ' हा शब्द मोठा आहे. वस्तू कशासाठी घडवली गेली, हे तो विचारतो. लोहाराने ऊस तोडायला घडवलेला कोयता आणि कुणी मुद्दाम दोन्ही बाजूंनी धार लावून, मुठीला कापड गुंडाळून, शर्टाआड बसेल असा कापून घेतलेला कोयता, ही दोन्ही एकाच लोखंडाची अपत्यं असली तरी कायद्याला सारखी नाहीत. दुसऱ्यात 'बदलून घेतलेली' हे शब्द लागू होऊ शकतात. तपासात आणि पुढे न्यायालयात खरी झटापट याच मुद्द्यावर होते.

महाराष्ट्राला हा फरक समजून घेण्याची गरज इतर कुणाहून जास्त आहे, कारण इथे कोयता हे एका मोठ्या श्रमिक वर्गाचं नावच आहे. ऊसतोडणीच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. एकटा माणूस असेल तर 'अर्धा कोयता'. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे, आणि टोळी किती मोठी हे सांगतो तेही कोयत्यांतच. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड आणि आसपासच्या दुष्काळी जिल्ह्यांतून ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून माणसं पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. ट्रॉलीत भांडी, पीठ, अंथरुणं, कोपी उभारायचे बांबू, शेळी, लहान मुलं, आणि पोत्यात गुंडाळलेले कोयते. फडात तो कोयता दिवसभर दोन कामं करतो: बुडख्यापाशी जमिनीलगत घाव घालायचा आणि शेंड्याकडचं वाढं उडवायचं. कोयत्याच्या मुठीने पडलेले घट्टे तळहातावर वर्षभर राहतात. कोकणात आणि गोव्यात माडावर चढणारा माणूस तोच कोयता कमरेला लावून चढतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, आदिवासी पाड्यांवर, कमरेच्या लाकडी आकडीत कोयता अडकवल्याशिवाय माणूस रानात जातच नाही.

अशा माणसाला 'कोयता सापडला' एवढ्यावरून गुन्हेगार समजणं हा अन्याय आहे, आणि कायद्याचंही तसं म्हणणं नाही.

मग धारदार हत्यारांच्या परवान्याचं काय? इथे थोडा इतिहास लागतो. लॉर्ड लिटनच्या काळात, १८७८ साली, इंग्रजांनी भारतीय शस्त्र कायदा केला तो उघडच देश निःशस्त्र करण्यासाठी. त्या कायद्याच्या व्याख्येत बंदुका आणि तोफांबरोबर संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची फाळं आणि धनुष्यबाणसुद्धा होते. स्वातंत्र्यानंतर ही पकड सैल करायची म्हणून १९५९ चा नवा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याने बंदुकीला सरसकट परवाना कायम ठेवला, पण धारदार हत्यारांसाठी वेगळा मार्ग काढला. तोच कलम ४. एखाद्या भागातली परिस्थिती पाहून लोकहितासाठी गरज वाटली, तर केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून त्या भागापुरतं, ठरावीक प्रकारच्या हत्यारांना परवाना सक्तीचा करू शकतं. म्हणजे बंदुकीला परवाना सगळीकडे आणि नेहमीच. तलवार-खंजिराला तो अधिसूचना असेल तिथे, आणि तिच्यात जे लिहिलं असेल त्यालाच.

वर्तमानपत्राच्या ओळीतलं 'कलम ४' हे असं आहे. त्याच्या शेजारचं २५ हे शिक्षेचं कलम. त्यामुळे बचावाचा वकील उलटतपासणीत पहिल्यांदा विचारतो ते हे: या भागाला लागू असलेली अधिसूचना कोणती, आणि ती न्यायालयापुढे आणली आहे का? आणली नसेल तर खटल्याचा पायाच हलतो. अनेक उच्च न्यायालयांत आरोपी याच मुद्द्यावर सुटले आहेत. आणखी एक फरक फारसा कुणाला ठाऊक नसतो. विनापरवाना बंदुकीचा, म्हणजे कलम ३ खालचा खटला भरायला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. कलम ४ च्या खटल्याला ही चाळणी नाही. चाकूचा खटला पोलीस ठाण्यातून थेट न्यायालयात जातो.

आता त्या नऊ इंचांकडे. ते कुठून आले? या कायद्याखालच्या नियमांना एक परिशिष्ट जोडलेलं आहे. त्यातल्या पाचव्या प्रवर्गात बंदुकीखेरीजची हत्यारं येतात: तलवारी, गुप्त्या, खंजीर, संगिनी, भाले, परशू, आणि ज्यांचं पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद आहे असे चाकू आणि तशीच इतर हत्यारं. कृपाण आणि खुकरी यांचा उल्लेख त्यात नावानिशी आहे. १९६२ च्या नियमांत हे होतं आणि २०१६ च्या नव्या नियमांतही राहिलं. पण त्याच वाक्यात पुढे असंही म्हटलं आहे की घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती यातून वगळली आहेत. म्हणून ९ इंचांपेक्षा लांब सुरी घरात असणं हा गुन्हा नाही. आणि ९ इंचांपेक्षा आखूड चाकू खिशात असणं म्हणजे सुटका, असंही नाही.

दुसऱ्या मुद्द्याचं सर्वांत चांगलं उदाहरण दिल्लीचं आहे. २९ ऑक्टोबर १९८० रोजी दिल्ली प्रशासनाने कलम ४ खाली अधिसूचना काढली. खटक्याचे, बटनाचे, गरारीचे किंवा इतर कोणत्याही यांत्रिक युक्तीने उघडमीट होणारे चाकू तिच्यात आले, आणि माप ठरलं पात्याची लांबी ७.६२ सेंटिमीटर व रुंदी १.७२ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त. ७.६२ सेंटिमीटर म्हणजे बरोबर तीन इंच, नऊ नव्हे. साध्या पेनापेक्षाही आखूड पातं. दिल्लीच्या पोलीस ठाण्यांत त्यानंतर दशकानुदशकं बटनदार चाकूचे गुन्हे नोंदले गेले. अलीकडे असंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं तेव्हा न्यायालयाने अधिसूचना शब्दशः वाचली. तिच्यात उत्पादन, विक्री, आणि विक्रीसाठी किंवा चाचणीसाठी बाळगणं, एवढंच लिहिलेलं होतं. आरोपपत्रात मात्र तो माणूस चाकू विकायला निघाला होता असा आरोपच नव्हता. न्यायालयाने खटला रद्द केला. एका सरकारी कागदावरचे चार-दोन शब्द इतकी वर्षं कुणी नीट वाचले नाहीत म्हणून किती जणांनी कोठडीच्या रात्री काढल्या असतील, हा विचार अस्वस्थ करतो.

गरारीचा चाकू म्हणजे बहुतेकांच्या मनातला 'रामपुरी'. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांनी तो घडवला आणि हिंदी सिनेमाने घरोघरी पोचवला. १९६५ च्या 'वक्त'मधला राजकुमारचा चाकूचा प्रसंग आजही लोक आठवतात. पातं उघडताना दात्यांवरून सरकत जो करकर आवाज येतो तोच त्याचा दरारा होता. नव्वदच्या दशकात तिथल्या राज्य सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्याच्या उत्पादनावर निर्बंध घातले आणि धंदा आटला. पिढीजात कारागीर दुसऱ्या कामांकडे वळले. २०२३ मध्ये त्याच शहराने चौकात सुमारे वीस फूट लांबीचा रामपुरी चाकू उभारला. ज्या हस्तकौशल्याने शहराला नाव दिलं ते आता बहुतांशी स्मारकात उरलं आहे, ही खेदाची गोष्ट आहे.

पुन्हा त्या ओळीकडे येऊ, 'सह'च्या पलीकडच्या बाजूला. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ चा आहे. त्याच्या कलम ३७ (१) ने पोलीस आयुक्तांना आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांना अधिकार दिला आहे की, सार्वजनिक शांतता व सुव्यवस्थेसाठी गरज वाटली तर ठरावीक काळासाठी शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, दंडुके, बंदुका, सुऱ्या, काठ्या, लाठ्या किंवा शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू जवळ बाळगायला मनाई करावी. उपकलम (३) जमावबंदीचं आहे. सण, निवडणूक, मोर्चा, एखाद्या निकालाची तारीख असली की गावोगावी हे आदेश निघतात. वर्तमानपत्रात त्यांचा मथळा 'जिल्ह्यात मनाई आदेश लागू' असा असतो, आणि तोही वाचला जात नाही.

या आदेशापुढे अवजार आणि हत्यार हा भेद फार टिकत नाही. इथे प्रश्न वस्तू कशासाठी घडवली हा नसून तिने इजा करता येते का हा आहे. त्यामुळे आदेश असताना भाजीची सुरीसुद्धा खिशात घालून जत्रेत फिरणं अंगाशी येऊ शकतं. आदेशाच्या मजकुरात बहुधा अपवाद दिलेले असतात: सरकारी कामासाठी शस्त्र बाळगावं लागणारे कर्मचारी, म्हातारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे काठी लागणारी माणसं. आदेश मोडल्याची शिक्षा कलम १३५ मध्ये आहे: एक वर्षापर्यंत तुरुंगवास, आणि न्यायाधीशाने खास कारण लिहून ठेवलं नाही तर किमान चार महिने, शिवाय दंड. चार महिने ही किमान मर्यादा ऐकून बरेच जण दचकतात, आणि दचकायलाच हवं. आपल्या जिल्ह्यात मनाई आदेश आहे का, हे पाहण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी. सणासुदीच्या दिवसांत तर हमखास.

कोयत्याची भीती शहरात खरी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. गेल्या काही वर्षांत पुण्यात 'कोयता गँग' हा शब्द रूढ झाला. मोटारसायकलवरून येऊन दुकानांची आणि गाड्यांची तोडफोड करणारी पोरं, त्यांतली काही तर अल्पवयीन, आणि हातात नेमकं शेतकऱ्याचं अवजार. ते स्वस्त मिळतं, कुठेही मिळतं, विकत घेताना कुणी विचारत नाही. म्हणून २०२३ च्या सुरुवातीला पुणे पोलिसांनी विक्रेत्यांनाच कोयता घेणाऱ्याचं नाव आणि आधार कार्ड यांची नोंद ठेवायला सांगितलं. नाक्यावर गुंडाला पकडण्यापेक्षा दुकानातच वाट अडवणं सोपं, हा विचार समजण्यासारखा आहे. पण नोंदवहीचा भार ज्या माणसावर पडतो तो गुंड नसतो. घरात दोन कोयते असलेला, तिसरा घ्यायला आलेला नारळवाला असतो. नोंद ठेवावी, पण त्या नोंदीचा अर्थ संशय असा होऊ नये, एवढी काळजी व्यवस्थेने घेतली पाहिजे.

तलवारीची गोष्ट वेगळी, कारण तलवार घरकामाची नसते. ती शस्त्र म्हणूनच घडवली जाते. तरीही वाढदिवसाला तलवारीने केक कापून त्याची चित्रफीत टाकणाऱ्यांची संख्या कमी होत नाही, आणि त्या चित्रफितीवरून गुन्हे दाखल होत राहतात. पोलिसांना यात शोध घ्यावाच लागत नाही. पुरावा आरोपीने स्वतःच्या हाताने जगाला दाखवलेला असतो. २०१८ साली औरंगाबादेत ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि सुरे कुरिअरच्या खोक्यांतून जप्त झाले तेव्हा शोभेची, मुलाची खेळण्यातली वस्तू अशी कारणं पुढे आली. खेळणं हा शब्द कायद्यातही आहे, पण ज्याचं खऱ्या हत्यारात रूपांतर करताच येत नाही, अशाच वस्तूला ती सूट मिळते. पोलादी पात्याला धार लावता येते.

वडिलोपार्जित तलवारीचं काय, हा प्रश्न महाराष्ट्रात घरोघरी विचारला जातो. देव्हाऱ्याशेजारी भिंतीला टांगलेली, दसऱ्याला उतरवून शेंदूर-हळद लावलेली. कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडकळीला आलेल्या हत्यारांसाठी तरतूद आहे, पण तिचा आधार घ्यायचा तर तलवार खरोखर तशी आहे हे दाखवता आलं पाहिजे. घराण्यातले जुने कागद, छायाचित्रं, वारसाची नोंद जपून ठेवणं इथे उपयोगी पडतं. ती भिंतीवर असणं आणि वरातीत हवेत फिरवली जाणं, यांतला फरक मात्र कोणताही कागद पुसू शकत नाही. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला आणि मर्दानी खेळाचे आखाडे आजही कोल्हापुरात पट्टा फिरवायला शिकवतात. हा वारसा मोलाचा आहे. म्हणूनच आखाड्यांनी मिरवणुकीच्या प्रात्यक्षिकाआधी पोलिसांना रीतसर कळवण्याची शिस्त पाळावी.

आता नेण्या-आणण्याचं. शस्त्र अधिनियमाचं कलम २० फारसं चर्चेत येत नाही, पण प्रवाशाने ते माहीत करून घ्यावं असं आहे. एखादा माणूस शस्त्र अशा रीतीने किंवा अशा परिस्थितीत घेऊन चालला असेल की त्याचा बेकायदा वापर करण्याचा इरादा असल्याचा रास्त संशय यावा, तर त्याला वॉरंटशिवाय अटक करता येते, परवाना असला तरी. आणि हा अधिकार केवळ पोलिसांना नाही. रेल्वे, विमान, जहाज, वाहन यांवर काम करणाऱ्या कुणालाही तो आहे. म्हणजे एसटीचा वाहकसुद्धा असं शस्त्र काढून घेऊन माणसाला जवळच्या पोलीस ठाण्याच्या स्वाधीन करू शकतो. 'रीत' आणि 'परिस्थिती' हे या कलमाचे दोन कळीचे शब्द. हॉटेलात काम करणारा आचारी रात्री शेवटच्या लोकलने घरी निघतो तेव्हा त्याच्या सुऱ्या कापडी गुंडाळीत, म्यानात, पिशवीच्या तळाशी असतात, खिशात ओळखपत्र असतं. त्याच सुरीची मूठ कमरेला शर्टाखालून डोकावत असती तर रीत बदलली असती. ट्रेकिंगला निघालेल्याने चाकू सॅकमध्ये, बंद, म्यानात ठेवावा तो याचसाठी. नवी सुरी दुकानातून घरी नेताना पावती आणि वेष्टन फेकून देऊ नये. 'स्वसंरक्षणासाठी ठेवतो' हे उत्तर सर्वांत धोक्याचं. हल्ला झाला तर हाताशी येईल त्याने जीव वाचवायचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पण तो हल्ल्याच्या क्षणापुरता असतो. रोज चाकू घेऊन फिरण्याची ती परवानगी नव्हे. उलट त्या उत्तरातून माणूस स्वतःच कबूल करतो की ही वस्तू अवजार नव्हे, शस्त्र म्हणूनच जवळ आहे.

विमानात नियम सरळ आहे: धारेची वस्तू हातातल्या सामानात नको, आवरण घालून तपासणीसाठी सोपवायच्या बॅगेत टाकावी. याला एक अपवाद आहे आणि त्याचं मूळ संविधानात आहे. अनुच्छेद २५ च्या पहिल्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणं हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानला आहे. त्यानुसार देशांतर्गत उड्डाणांत शीख प्रवाशाला कृपाण अंगावर ठेवता येतं, पण पातं ६ इंचांपर्यंत आणि एकूण लांबी ९ इंचांपर्यंतच. गुरू गोविंदसिंगांचं निर्वाण १७०८ मध्ये नांदेडला झालं. तिथल्या हजूर साहिबला देशभरातून येणाऱ्या भाविकांसाठी ही तरतूद रोजच्या उपयोगाची आहे. परदेशी जाणाऱ्या विमानात मात्र ही सूट नाही.

परदेशी शिकायला जाणाऱ्या मराठी मुलांसाठी एवढंच की, ब्रिटनमध्ये कायद्याची दिशा उलटी आहे. १९८८ च्या फौजदारी न्याय कायद्याच्या कलम १३९ नुसार सार्वजनिक जागी पात्याची वस्तू बाळगणं हाच गुन्हा. घडी होणारा, तीन इंचांच्या आतला खिशातला चाकू तेवढा सुटतो, आणि पातं उघडल्यावर जागीच अडकवणारी खिट्टी असेल तर तोही सुटत नाही. रास्त कारण होतं हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते. इकडून बॅगेत नेलेली आजीची विळी खोलीवर पोचली की स्वयंपाकघराबाहेर काढू नये.

वस्तू बाळगणं आणि ती वापरणं यांत कायद्याने केवढं अंतर ठेवलं आहे, हेही लक्षात घेतलं पाहिजे. एकाच जखमेची शिक्षा हात रिकामा होता की हातात कापायचं-भोसकायचं साधन होतं यावर बदलते. भारतीय न्याय संहितेचं कलम ११८ त्यासाठीच आहे, आणि तिथे साधन शेतीचं होतं या सबबीला जागा नाही. जबरी चोरी किंवा दरोड्यात प्राणघातक हत्यार वापरलं तर कलम ३११ खाली किमान सात वर्षं. जुन्या दंडसंहितेत हेच कलम ३९७ होतं. त्यावर १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, चाकू प्रत्यक्ष चालवला नाही तरी समोरच्याला दिसेल असा उघडा धरला, तर तो वापरलाच. भीती घालणं हाच तिथे वापर.

पोलीस ठाण्यात या सगळ्याची सुरुवात एका साध्या कृतीने होते. टेबलावर पांढरा कागद, त्यावर कोयता आडवा ठेवलेला. हवालदार पट्टी लावतो आणि आकडे मोठ्याने सांगतो: एकूण लांबी, पात्याची लांबी, मधोमध रुंदी, मुठीची लांबी, मूठ लाकडी, एका बाजूस धार. दोन पंच सह्या करतात. कागदात गुंडाळून, दोरा बांधून, लाखेची मोहोर, वर गुन्हा नंबराची चिठ्ठी. जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ मुळे झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रणही करावं लागतं. हा मोठा बदल आहे. कोयता कमरेला लपवलेला मिळाला की ट्रॉलीतल्या पोत्यात इतर अकरा कोयत्यांबरोबर मिळाला, हे आता पंचांच्या सहीवरच नाही, तर पडद्यावरही दिसणार आहे. पकडलेल्या माणसाने किंवा त्याच्या वकिलाने ते चित्रण आवर्जून मागावं.

त्या मोहोरबंद पुडीला 'मुद्देमाल' म्हणतात. अवजार निरपराध माणसाचं असेल तर ते परत मागता येतं. पोलिसांनी जप्त केलेल्या मालासाठी त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यापुढे अर्ज करायचा असतो. पण हंगामात, परजिल्ह्यात, फडात रोजचं टनेज गाठायचं असताना तारखेला जायला ऊसतोड्याला दिवस परवडत नाही. तो जवळच्या बाजारगावात लोहाराकडे जातो. लोहार गाडीच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा भट्टीत लाल करतो, ठोकतो, पाणी पाजतो, नवी मूठ बसवतो. बायको शेजारी उभी राहून आपलाही कोयता शेवटून घेते. काम संपलं की दोन्ही कोयते पोत्यात, पोतं सायकलच्या कॅरिअरला, आणि दोघं उजेड आहे तोवर फडाच्या वाटेला लागतात.